शब्दचर्चा: युती, आघाडी, मोट आणि आपला तो 'पॅटर्न'

धायरीकर
भाचा जोहान्सबर्गला असतो, सुट्टीत आला होता तेव्हा तिथल्या महापालिकेची गंमत सांगत होता. २७० नगरसेवक, कुणालाच बहुमत नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये महापौर कोण झाला तर ज्या पक्षाचे सगळे मिळून ३ नगरसेवक त्या पक्षाचा माणूस. तीन! एप्रिलमध्ये त्याने राजीनामा दिला तर पुढचा पण त्याच पक्षाचा. मी जेवताना हे सांगताना 'युती' म्हणालो तर सासरे म्हणाले युती नव्हे, आघाडी म्हणा. का ते विचारलं तर म्हणे युती वेगळी. आता नेमका फरक काय? आणि अशा ३ वाल्या महापौराला मराठीत काय म्हणायचं?

शब्दखाऊ
सासरेबुवा बरोबर आहेत पण कारण शब्दकोशात नाही सापडणार. मुळात युती हा पंचांगातला शब्द, दोन ग्रह आकाशात जवळ जवळ दिसले की युती. २०२० च्या डिसेंबरात गुरू-शनीची झाली होती, आम्ही गच्चीवर जाऊन बघितली, एकमेकांना चिकटलेत असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात मधे ७० कोटी किलोमीटरच्या वर अंतर. शिवाय युती सुटणार हे गृहीतच असतं, ग्रह काही थांबत नाहीत. ज्याने कुणी हा शब्द राजकारणात आणला त्याला दंडवत.

आघाडी म्हणजे पुढची फळी, सैन्याची वगैरे. घोड्याला बांधतात त्या दोरांनाही आगाडी-पिछाडी म्हणतात, म्हणजे पुढून बांधलेला आणि मागून बांधलेला. घोडेबाजाराचं मी काही बोललेलो नाही.

जुना_सदाशिव
हे सगळं ठीक पण महाराष्ट्रात फरक अर्थाचा राहिलेलाच नाही, मालकीचा आहे. १९८९ पासून शिवसेना-भाजप म्हणजे युती, १९९९ पासून काँग्रेस-राष्ट्रवादी म्हणजे आघाडी. शब्दांना पक्षाचे रंग लागले. पेपरात नुसतं 'युतीचा उमेदवार' छापलं तरी कळायचं कोण ते.

आणि म्हणूनच २००७ साली पुण्यात पंचाईत झाली! महापालिकेत राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र, पुण्याचे तेव्हाचे खासदार कलमाडी, त्यांच्या काँग्रेसला बाहेर ठेवायला. राष्ट्रवादीने मुंबईत मंत्रिमंडळात काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि पुण्यात त्यांनाच विरोधात बसवायचं. आता याला युती म्हणावं तर राष्ट्रवादी आत, आघाडी म्हणावं तर सेना-भाजप आत. दोन्ही शब्द आधीच बुक. मग आला 'पुणे पॅटर्न'. माझं स्पष्ट मत आहे की तो शब्द कौतुकाने नाही आला, दुसरा शब्द शिल्लकच नव्हता म्हणून आला.

कोथरूडची_मावशी
अगदी पटलं काका. पण पॅटर्नच का? कारण तेव्हा घरोघरी 'लातूर पॅटर्न' चालू होता, बारावीला मार्क पाडायचा. म्हणजे मराठीत पॅटर्न म्हणजे नुसती नक्षी नाही, जमलेली युक्ती, दुसऱ्यांनी कॉपी करावी अशी. इंग्रजीत एवढा अर्थ त्या बिचाऱ्या शब्दाला नसेल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सुद्धा दोन सासवांना एकमेकींत गुंतवून स्वतः मोकळं होण्याला 'पॅटर्न केला' म्हणतात.

जुना_सदाशिव
सासू पॅटर्न, वा! आणि बघा ना, २०२३ मध्ये तेच तिन्ही रंग (दोन पक्ष फुटून का होईना) राज्यात एकत्र आले तेव्हा कुणाला पॅटर्न म्हणावंसं वाटलं नाही, नुसतं 'महा' लावलं की महायुती. शब्द ऐसपैस झाला, कुणीही मावतं.

बैलगाडा
'मोट' राहिली की. 'पाच पक्षांची मोट बांधली' असं रोज छापून येतं. ही आमच्या विहिरीवरची मोट आहे, बैल वेगवेगळ्या दिशेला ओढायला लागले की पाणी वर येत नाही.

शब्दखाऊ
राव, चित्र झकास आहे पण क्रियापद बघा. विहिरीची मोट हाकतात, बांधत नाहीत. बांधतात ती दुसरी मोट, म्हणजे गाठोडं. धुणं, चारा, काटक्या, हाताला येईल ते एका फडक्यात घालून गाठ मारायची. त्यामुळे राजकारणात हाच शब्द सगळ्यात प्रामाणिक, आत काय काय कोंबलंय ते लपवत नाही.

बैलगाडा
बरं, मोट सोडली. पण 'पाळी' तरी आमचीच. भावकीत एक विहीर असली की पाण्याची पाळी ठरते, आज तुझी उद्या माझी. पुण्याच्या महापौरपदाचं तेच. मुदत अडीच वर्षांची, त्याचे दोन तुकडे केले की सव्वा-सव्वा वर्ष. २०१२ ते २०१७ मध्ये बनकर, कोद्रे, धनकवडे, जगताप असे चार महापौर झाले आणि चौघंही एकाच राष्ट्रवादीचे! कुणी कुणाला पाडलं नाही, पाळी संपली की राजीनामा. आमच्या पाहुण्यांत एक जण इच्छुक होता, त्याची पाळी काही आली नाही, पण हार आणि फटाके मात्र आधी आणून ठेवलेले, ते दिवाळीत वाजवले.

कोथरूडची_मावशी
फटाके 😄
महापौर हा शब्द पण बघा, सावरकरांनी दिलेला. पौर म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. मोठा नागरिक. अधिकारी असं त्यात कुठेच नाही! आणि कारभार आयुक्तांकडेच असतो त्यामुळे शब्द चुकून अगदी बरोबर बसलाय. मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर प्रशासक आले तेव्हा आमच्या गल्लीतला कचरा जसा उचलला जायचा तसाच उचलला जात होता, म्हणजे कधी कधी.

धायरीकर
सगळ्यांचे आभार पण माझा ३ वाला राहिला ना. नामधारी म्हणू का?

शब्दखाऊ
नामधारी फार सरकारी वाटतो. 'दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ' जवळ जातं, पण त्यात तिसरा हुशार असतो, इथे त्याला मोठ्यांनी बसवलाय, एकमेकांना खुर्ची मिळू नये म्हणून.

कोथरूडची_मावशी
लिंबूटिंबू!! वाड्यात खेळताना धाकट्या भावंडाला घ्यायचो तसा. खेळात आहे पण धरायचा नाही.

जुना_सदाशिव
मावशी, पण लिंबूटिंबूवर कधी राज्य येत नाही.

कोथरूडची_मावशी
तेच तर, तिथे आलं.