आडवा झालेला व्हिडिओ कायमचा सरळ कसा करायचा?

आजीच्या जात्यावरच्या ओव्या भाच्याने फोनवर घेतल्या, पण चित्र आडवं आलंय. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फिरवलं, पण पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावलं की पुन्हा आडवं! आवाजाला मात्र धक्का लागायला नको.

— ताई, व्हीएलसीतलं फिरवणं फक्त पाहण्यापुरतं, फाइल तशीच राहते. शॉटकट हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. आधी व्हिडिओ मोड १०८०×१९२० (उभी चौकट) करा, नाहीतर वरखाली कापलं जाईल. मग 'साइज, पोझिशन अँड रोटेट' फिल्टर, ९० अंश. चित्र लहान दिसलं तर झूम वाढवा.

— आवाज जसाच्या तसा हवा तर एफएफएमपेग, म्हणजे कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर: 'ट्रान्सपोज=१' (९० अंश उजवीकडे), ऑडिओ 'कॉपी'. चित्रच तेवढं नव्याने तयार (एन्कोड) होतं.

— दादा, शॉटकटने जमलं! ओव्या ऐकताना आता आजीचा खुंट्यावरचा हातही नीट दिसतो.

— छान! मूळ फाइल मात्र पुसू नका.