फॉल्टजवळच्या नोंदीत पल्स दिसतच नाही, मदत हवी आहे

कातळवेडा:
दोन दिवस अडकलोय, उद्या गाईडना आलेख दाखवायचेत. 1999 च्या चीची भूकंपाची तैवानमधली नोंद घेतली, एफएफटी (कुठली वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणारं गणित) काढला. सगळा जोर 1 ते 5 हर्ट्झमध्ये. जो तो म्हणतो फॉल्टजवळ, म्हणजे खडक सरकतात त्या भेगेजवळ, मोठ्या आवर्तकाळाची पल्स (एकच लांब झोका) असते. कुठाय ती?

तरंगिणी:
स्टेशन कुठलं? एफएफटी त्वरणाचा की वेगाचा? फिल्टर?

आडवाट:
एक्सेल सोडा, पायथॉन धरा. माझं सगळं काम त्यातच चालतं.

कातळवेडा:
एक्सेलचं नाव कुणी काढलं? टीसीयू 068. त्वरणाचाच, नोंद त्वरणाचीच असते ना. फिल्टर 0.5 ते 25 हर्ट्झ, बाकीचं कापणारा, नेहमीचा.

तरंगिणी:
मग पल्स तुम्हीच कापलीत. 068 ची पल्स 10 सेकंदांहून लांब, म्हणजे 0.1 हर्ट्झच्याही खाली. शिवाय 0.1 हर्ट्झची लाट वेगात 2 हर्ट्झच्या थरथरीएवढीच असली, तरी त्वरणात 20 पट बारीक दिसते. आधी त्वरण इंटिग्रेट करून (काळानुसार बेरीज करत) वेग काढा. तिथे वेग सेकंदाला जवळपास 3 मीटरपर्यंत गेला होता, त्वरण मात्र गुरुत्वाच्या निम्म्याच्या आसपास.

भूतरंग:
मी जपानमधल्या कोबेच्या 1995 च्या नोंदींवर काम केलंय. पल्स 1-2 सेकंदांची असते, 0.5 हर्ट्झच्या फिल्टरने फारसं बिघडत नाही.

तरंगिणी:
कोबे 6.9 मॅग्निट्यूडचा, चीची 7.6 चा. भूकंप मोठा तशी पल्स लांबते. कोबेचा आकडा इथे लावू नका.

निवांत:
फिल्टरच नको. 068 जवळ जमीन कायमची काही मीटर सरकली. हाय-पास (कमी वारंवारता कापणारा फिल्टर) लावला की विस्थापन ओढून शून्यावर येतं आणि पल्सच्या आगेमागे खोटे हेलकावे उमटतात. बेसलाइन करेक्शन करा, म्हणजे नोंदीची ढळलेली शून्यरेषा सुधारा.

तरंगिणी:
त्यांना वारंवारता बघायचीय. कॉर्नर (फिल्टर जिथून कापायला लागतो ती वारंवारता) 0.02 हर्ट्झला ठेवला तरी भागेल.

निवांत:
नाही पटत. त्या पल्समध्ये सरकण्याचाच मोठा वाटा आहे, तो वगळून कुठली वारंवारता मोजणार?

चांदणं:
वारंवारतेवरून भूकंप आधी कळतो का?

तरंगिणी:
नाही. ही नोंद हादरे सुरू झाल्यावरची आहे.

कातळवेडा:
0.02 केलं, वेग काढला. दिसली! थरथर तिच्या अंगावर बारीक काट्यांसारखी, आणि मधोमध एकच रुंद फुगवटा. पण दुसऱ्या आडव्या घटकात (दुसऱ्या दिशेच्या हालचालीत) आकार वेगळाच येतोय.

तरंगिणी:
घटक फॉल्टच्या दिशेनुसार फिरवले का?

कातळवेडा:
फिरवायचे म्हणजे?