येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतले "आमची रोजची भाकर" हे शब्द तुम्हाला कधी कळले? अनुभव सांगा

खानापूरची सून
सगळ्यांना सलाम. आज सकाळी भाकरी थापताना पाऊस सुरू झाला, पत्र्यावरचा तो आवाज ऐकला आणि माझे हातच थांबले. तव्यावरची करपली. मुलगा म्हणाला टाकून दे की मम्मी. टाकवली नाही, खरवडून मीच खाल्ली.

ऑगस्ट २०१९. आमचं घर मलप्रभा नदीपासून दोन शेतं सोडून. पाऊस थांबायचं नावच घेत नव्हता, एका रात्री स्वयंपाकघराची मातीची भिंत बसली, पिठाचा डबा, वर्षाचे तांदूळ सगळं चिखलात. शाळेत पूरग्रस्तांसाठी गंजी केंद्र उघडलेलं, तिथं गेलो. पहिल्या दुपारी पत्रावळीवर भात आणि पातळ सांबार. सासूबाईंनी डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागल्या. मला इतका राग आला, घर गेलं आणि ह्या उपकार कसले मानतात. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथवर आल्या आणि पुढचं म्हणवेना त्यांना. "आज... आज" एवढंच दोनदा म्हणाल्या. लहानपणापासून ही प्रार्थना पाठ आहे मला, पण माहेरी काय सासरी काय कणगी कायम भरलेली, त्यामुळे त्यातला "आज" कधी कानावरच आला नव्हता. त्या दिवशी आमच्याकडे खरंच फक्त आजचं होतं. सासूबाई आता नाहीत. तुमच्या घरात असं कधी झालं असेल तर लिहा.

टिळकवाडीतून
रडवलंत ओ सकाळी सकाळी. आमेन.

कणकुंबी
मलप्रभा आमच्या इथं उगमाला बघा, माउलीच्या देवळाजवळ, एवढीशी धार असते, वाटणार पण नाही की हीच पुढं जाऊन भिंती पाडते.

निपाणीची लेक
माझी आई विड्या वळायची. सूप मांडीवर, तेंदूची पानं ओल्या फडक्यात, आणि हजार पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. तंबाखूच्या धुळीनं छाती गेली तिची. २०२१ च्या मे महिन्यात कोरोना झाला, बेड मिळाला पण ऑक्सिजन नाही, भाऊ रात्रभर सिलिंडर शोधत फिरला, कोल्हापूरला जायचं तर बॉर्डरवर रिपोर्ट दाखवा म्हणायचे. मी कॉटशेजारी बसून तिचा श्वास मोजत होते. मोठमोठ्या प्रार्थना सुचतच नव्हत्या, एक श्वास आत गेला की मनात "थँक्यू प्रभू", परत एक गेला की परत. पहाटे सिलिंडर आला. आई वाचली. आता सकाळी ती दारात बसून खोकत असते, शेजारणी म्हणतात कसं सहन करता रोज, आणि मला तो खोकला ऐकला की बरं वाटतं, कारण आई आहे.

अनगोळ
@निपाणीची लेक हायवे बंद झालेला तेव्हाच ना, यमगर्णीला पाणी आलेलं?

निपाणीची लेक
नाही ओ दादा, ते जुलैत, वेदगंगेचं. २०१९ ला पण आलेलं. हे त्याच्या आधी, मे मधलं.

अनगोळ
होय होय, माझा घोटाळा झाला. आईला सलाम सांगा. आमचं साधं आहे, पाण्याचं. बेळगाव शहरात काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी, आणि आम्ही पहाटे चारला उठून घागरी लावणारे. लहानपणी मम्मी नळाला पहिली धार आली की हात जोडायची. बाहेरगावी नोकरीला गेलो, तिथं कधीही नळ सोडला की पाणी, चार महिन्यांत विसरलो सगळं. परत आलो आणि पहिल्याच आठवड्यात आठ दिवस नळ कोरडा. नवव्या दिवशी धार आली तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले, बायको बघतच राहिली.

कॅम्पमधली मावशी
मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. माझा मुलगा गेला त्याला सहा वर्षं झाली. मातीच्या दिवशीच एक जण येऊन म्हणाले की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं वचन आहे. मी त्यानंतर वर्षभर चर्चची पायरी चढले नाही. कशाचे उपकार मानू, सांगा? मग एकदा रात्री झोप येईना म्हणून मीच बायबलातला तो थेस्सलनीकाचा अध्याय काढला. "सर्व स्थितीत" लिहिलंय, "सर्व स्थितीबद्दल" नाही. मुलगा गेला त्याबद्दल मी उपकार मानलेले नाहीत आणि मानणार नाही, देवाला तसं तोंडावर सांगितलंय. पण त्या वर्षात समोरची एक बाई दर गुरुवारी डबा ठेवून जायची, बेल वाजवायची आणि थांबायची नाही, कारण मला बोलायचं नसतं हे तिला कळत होतं. त्या डब्याबद्दल मानते. दुःख आणि उपकार एकाच घरात राहतात माझ्या, एकमेकांना बाहेर काढत नाहीत.

टिळकवाडीतून
मावशी 🙏 काही बोलवत नाही.

निपाणीची लेक
मावशी तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. लोकांनी दुःखात वचन फेकून मारू नये. आधी शेजारी बसावं.

नंदगडहून
आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी बोलतो म्हणून लिहिताना चुका होतील. ८ सप्टेंबरला सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, जन्माच्या सणाला शेतातली नवीन कणसं आशीर्वादाला नेतो. एका वर्षी भात सगळं आडवं झालेलं. पप्पा चिखलात उतरून हुडकून हुडकून सात कणसं घेऊन आले, तीच रुमालात गुंडाळून नेली. घरी येऊन दाणे सोलून पायसात घातले, माणशी चिमूटभर पण आले नसतील. मी आता चाळीस वर्षांचा आहे, तशी चव परत आली नाही.

शहापूर पेठ
मी ख्रिश्चन नाही पण वाचतोय सगळं. आमच्या आजोबांसमोर वदनी कवळ म्हटल्याशिवाय ताटाला हात लावायची टाप नव्हती. कापड दुकान बंद पडलं तेव्हा दोन महिने एकवेळ जेवलो आणि तेव्हा मी ते न सांगता म्हणायला लागलो. नंदगडवाले, तुमच्याकडं हातसडीचा बासमती मिळतो काय अजून?

नंदगडहून
थोडाच असतो ओ, घरापुरता. सुगीनंतर या, दोन शेर नक्की देतो, पैशाचं काढू नका.

कणकुंबी
मला पण ठेवा शेरभर 😊

खानापूरची सून
दुपारभर कामं करत करत वाचत होते, मधेच डोळे पुसत. मावशी, सासूबाईंनी पण त्या दिवशी पुराबद्दल उपकार मानले नव्हते हे तुमचं वाचल्यावर मला उमगलं, पत्रावळीतल्या भातापुरतंच होतं ते. इतकी वर्षं मी त्यांच्यावरचा तो राग मनात घेऊन बसले होते. आणि गुरुवारी बेळगावला येतेय, मुलाचं काम आहे कॅम्पातच. डबा घेऊन येऊ काय?

कॅम्पमधली मावशी
ये. पण बेल वाजवून थांब ह्या वेळी. आणि भाकरीच आण, भात घरात आहे.