मदत हवी आहे: तीन वर्षं नियमित गोल्फ खेळतोय तरी १०० च्या खाली जात नाही

पहाटपाखरू
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. तीन वर्षं झाली, शनिवार-रविवार पहाटे राउंड आणि बुधवारी ऑफिसातून येताना रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शंभर बॉल, भर पावसाचे दोन महिने सोडले तर यात खंड नाही. पहिल्या वर्षी एका राउंडला (१८ होलना) लागणाऱ्या १३० शॉटवरून १०५ वर आलो आणि तिथे जो अडकलो तो अडकलोच. एकदा ९९ झाला होता, बाकी १०१ ते १०८. परवा रविवारी १०४. व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय, एक सांगतो डावा हात सरळ ठेवा, दुसरा सांगतो हाताचा विचारच करू नका. एका कोचकडे सहा सेशन केली, पहिल्या दिवशी ग्रिप बदलली, तिसऱ्या दिवशी स्टान्स, पाचव्या दिवशी परत जुनी ग्रिप. पैसे गेले ते गेले, वर दीड महिना बॉल कुठे जाईल याचा भरवसा राहिला नाही. कृपया 'सराव वाढवा' एवढं सांगू नका, घरी दोन लहान मुलं आहेत, याहून जास्त वेळ निघणार नाही. काय चुकतंय आणि काय करू एवढं सांगा. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपची मॅच आहे त्यामुळे जरा लवकर.

फौजी_काका
अहो पण माहिती कुठे आहे? वय किती, क्लबचा सेट कुठला, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) किती जातो, बॉल उजवीकडे वळतो की डावीकडे, पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, ढकललेले शॉट) किती लागतात, हँडिकॅप (खेळाच्या पातळीनुसार मिळणारे जादा शॉट) आहे का? नुसता १०४ सांगून कुणीही काहीही सांगू शकणार नाही. मी ३४ वर्षं खेळतोय, पोस्टिंग जिथे जिथे झाली तिथल्या कोर्सवर खेळलोय, १०४ वाले दहा जण आणले तर दहांची कारणं वेगळी निघतील.

हिरवळप्रेमी
कारण एकच असतं, पटिंग आणि चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे शॉट). १०४ मधले निदान ६० शॉट ग्रीनच्या पन्नास यार्डांच्या आत होत असणार. रेंजवर ड्रायव्हर बडवणं पूर्ण बंद करा. मी सहा महिने फक्त वेज (जवळच्या उंच शॉटचा क्लब) आणि पटर घेऊन सराव केला आणि ९८ वरून ८९ वर आलो. घरी गालिच्यावर रोज पंधरा मिनिटं पट, मुलं झोपल्यावर. यात वेळेचा प्रश्नच येत नाही.

पहाटपाखरू
वय ४१. सेट सासऱ्यांचा जुना आहे पण चांगल्या कंपनीचा आहे. ड्रायव्हर थोडा स्लाइस होतो (बॉल उजवीकडे वळतो), तो सगळ्यांचाच होतो. पट मोजत नाही. हँडिकॅप काढलेला नाही, मी कुठे स्पर्धा खेळतोय. हिरवळप्रेमी, गालिच्याचं करून बघितलंय, गालिच्यावर जातात, ग्रीनवर जात नाहीत.

बल्ला_ते_क्लब
कॉलेजात क्रिकेट खेळायचात का? पुण्यात नव्वद टक्के लोक क्रिकेटमधून येतात आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे. कव्हर ड्राइव्हमध्ये बॅटचा चेहरा बॉलच्या मागे धरून ठेवायची सवय लागते, मनगट वळू द्यायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. गोल्फमध्ये तेच केलं की क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो आणि बॉल उजवीकडे पळतो. मी ओपनिंग बॅट्समन होतो, दोन वर्षं याच्यात गेली. ग्रिप थोडी उजवीकडे फिरवून घ्या, वरून बघताना डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत.

फौजी_काका
ग्रिपचं बरोबर, पण स्लाइसचं मूळ स्विंगच्या दिशेत आहे. बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, आम्हाला असंच शिकवलंय.

हिशोबवाली
काका, आदर ठेवून सांगते, ते जुनं झालं. रडारने मोजायला लागल्यापासून उलटं सिद्ध झालंय. बॉल निघतो तो मुख्यत्वे फेस ज्या दिशेला असतो त्या दिशेने, आणि वळतो तो फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकामुळे. म्हणजे बॉल सरळ निघून उजवीकडे वळला तर फेस ठीक आहे, वाट बाहेरून आत येतेय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे गेला तर फेस उघडा आहे. दोन्हींचे इलाज वेगळे. म्हणून पहाटपाखरू, 'थोडा स्लाइस' म्हणजे नेमकं काय ते लिहा.

आणि हिरवळप्रेमी, ६० शॉट ५० यार्डांच्या आत हे मोजून म्हणताय की ऐकून? कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो शॉटचा हिशोब मांडला. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या पलीकडच्या शॉटमधून येतो, जवळचा खेळ आणि पटिंग मिळून एक तृतीयांश. पीजीए टूर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) २०११ पासून त्यांच्याच पद्धतीने पटिंगचा आकडा काढतं. ८ फुटांवरून टूरचे व्यावसायिकसुद्धा अर्धेच पट घालतात हो, आपण गालिच्यावर कितीही घासलं तरी त्याला मर्यादा आहे.

हिरवळप्रेमी
मी माझा अनुभव सांगितला, ९ शॉट कमी झाले ते काय हवेत झाले? प्रोफेसरांचा आकडा सरासरीचा आहे, माणूस सरासरी नसतो. आणि लांब खेळ सुधारायला कोच, वेळ, अंगात ताकद सगळं लागतं, पट सुधारायला काहीच लागत नाही.

नवशिकी_आई
जरा वेगळं विचारते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला गोल्फ शिकायचंय, औंधहून येरवड्याचा कोर्स जवळ पडेल की बावधनच्या पलीकडचं ऑक्सफर्ड? आणि इतक्या लहान वयात पाठीवर ताण येतो का?

फौजी_काका
ताई, नऊ हे उत्तम वय आहे, फक्त मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका, जड पडतात, मुलांचा वेगळा सेट घ्या. ऑक्सफर्डला चढउतार फार, पोर दमेल, पण सुरुवातीला कोर्सवर न्यायचंच नाही, नुसतं रेंजवर आणि पटिंग ग्रीनवर खेळू द्या. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला, अदिती अशोक तिथेच चौथी आली, पदक एका शॉटने हुकलं. पोरांना ते जरूर दाखवा.

पाणीप्रश्न
एका कोर्सला पाणी किती लागतं याचा विचार कुणी करणार आहे का? आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर चालू आहेत.

हिशोबवाली
प्रश्न अगदी योग्य आहे पण वेगळा धागा काढा, इथे बुडून जाईल. मी तिथे नक्की येईन.

पहाटपाखरू, या शनिवारी एक करा. स्विंगचा विचार बाजूला ठेवा आणि कार्डाच्या मागे प्रत्येक होलला चार गोष्टी लिहा. टीवरून (होलच्या पहिल्या शॉटच्या जागेवरून) बॉल हरवला किंवा ओबी (हद्दीबाहेर) गेला का, ग्रीनवर कितव्या शॉटला पोचलात, चिप फसली का, पट किती. कॅडीला सांगितलं तर तोही लिहील.

सेटवाला_कॅम्प
सासऱ्यांचा सेट म्हणजे वीस वर्षं जुना असणार. ड्रायव्हरच्या तळाला लॉफ्टचा (फेसच्या तिरकेपणाचा) आकडा असतो तो वाचा. ९ असेल तर तुमच्या स्विंगला तो उचलणारच नाही, उलट कमी लॉफ्टला स्लाइस जास्त दिसतो. १०.५ किंवा १२ घ्या. शाफ्टवर (दांड्यावर) एस (कडक) लिहिलंय की आर (नेहमीचा) तेही बघा.

फिजिओ_औंध
कंबर वळते का ते कुणी विचारलंच नाही. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्याची पाठ आणि खुबा आखडतो, मग खांद्याने ओढतात, वाट बाहेरून आत येते. खुर्चीवर बसून गुडघ्यात उशी धरा, छातीशी हात बांधून दोन्हीकडे वळा. ४५ अंशांच्या आत अडकलात तर आधी ते सोडवा.

पहाटपाखरू
शनिवारचा हिशोब. स्कोअर १०३. टीवरून तीन बॉल गेले, प्रत्येकी दोन शॉट धरले तर सहा. पाण्यात एक. चिप पाच वेळा फसली, त्यातल्या चार फॅट (क्लब बॉलच्या आधी जमिनीत). पट ३८, थ्री-पट (एका ग्रीनवर तीन पट) चार. ग्रीनवर पोचण्याचं म्हणाल तर दहा पार ४ (चार शॉटमध्ये संपवायच्या) होलपैकी दोन शॉटमध्ये एकाही होलला पोचलो नाही. अर्थात ते मला वाटतं सगळ्यांचंच होत असेल कारण पाठच्या टीवरून पार ४ चारशे यार्डांच्या वर जातात. ड्रायव्हरचा लॉफ्ट ९ निघाला, शाफ्ट एस. बॉल उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जातो. गुडघ्यात उशी घेऊन वळलो, डावीकडे वळतो, उजवीकडे अडकतो.

हिशोबवाली
थांबा थांबा. पाठच्या टीवरून?? कार्डावर एकूण यार्ड किती? आणि तुमचा ड्रायव्हर आणि ५ आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) किती जातात, चांगला लागलेला नव्हे, नेहमीचा?

पहाटपाखरू
निळ्या टी, ६७०० च्या आसपास. ड्रायव्हर १९०-१९५, ५ आयर्न १४५. आमचा चौघांचा ग्रुप पहिल्यापासून तिथूनच खेळतो, बाकी तिघांचा २४० जातो. हे सांगायचं राहिलं कारण त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

हिशोबवाली
अहो हेच तर सांगायचं होतं! १९५ आणि १४५ मिळून ३४०. चारशे यार्डांच्या होलला दोन उत्तम शॉट मारूनही तुम्ही ग्रीनपासून ६० यार्ड लांब. म्हणजे एकही चूक न करता, तिसऱ्या शॉटला ग्रीन आणि दोन पट, बोगी (पारपेक्षा एक जास्त). अशी दहाही होल. तुम्ही ७२ पारच्या कोर्सवर ८२ पासून सुरुवातच करताय. एक सोपा ठोकताळा आहे, ५ आयर्नचं अंतर गुणिले ३६. तुमचं ५२२० येतं. तुम्ही दीड हजार यार्ड जास्त खेळताय, आणि ते अंतर भरून काढायला प्रत्येक टीवर ड्रायव्हर जोरात मारताय, म्हणून तीन बॉल झाडीत.

बल्ला_ते_क्लब
हे मात्र पटलं. जोर लावला की क्रिकेटवाला हात जागा होतो.

हिरवळप्रेमी
मी असहमत. टी पुढे घेतल्याने आकडा सुधारेल, खेळ कुठे सुधारला? त्यापेक्षा ६० यार्डांची वेज शिका, तीच तर रोज खेळायला लागतेय त्यांना.

फौजी_काका
माझंही मत तसंच होतं. ६८ व्या वर्षी पुढे सरकलो, मनाला लागलं होतं. पण लांब कोर्सवर माणूस दिवसभर ३ वुडच (लांब अंतराचा क्लब) मारत राहतो, ७ आयर्नने ग्रीनवर बॉल टाकायची वेळच येत नाही, मग तो शॉट शिकणार कधी. पुढे आल्यावर माझा आयर्नचा खेळ परत आला. त्यामुळे खेळही सुधारतो, हिरवळप्रेमी.

पहाटपाखरू
पण पुढे म्हणजे लाल टी, ५४०० वाली. ती लेडीज टी आहे. ग्रुपमध्ये कसं सांगू? आणि मॅचमध्ये ते निळ्यावरून आणि मी लालवरून असं चालतं का?

हिशोबवाली
ती पुढची टी आहे, लेडीज टी म्हणणं सोडा. मी तिथून खेळते आणि ८४-८५ करते, आणि निळ्यावरून १०० च्या वर जाणाऱ्यांबरोबर खेळताना मला मागे थांबून बॉल शोधायला लागतो, शोधायला तीनच मिनिटं असा नियम असला तरी. टी कुठली हे तुमच्या अंतरावर ठरतं, तुम्ही कोण आहात यावर नाही.

मॅचचं अगदी चालतं. २०२० पासूनची जागतिक हँडिकॅप पद्धत त्यासाठीच आहे. प्रत्येक राउंडच्या स्कोअरचा कोर्स रेटिंगशी (उत्तम खेळाडूच्या अपेक्षित स्कोअरशी) फरक स्लोपच्या हिशोबाने काढतात, शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगल्या ८ फरकांची सरासरी निघते, मग ज्या टीवरून खेळाल तिच्या स्लोपने (सामान्य खेळाडूला ती किती अवघड याच्या आकड्याने) गुणून ११३ ने भागायचं आणि कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक मिळवायचा. पुढे आलात की मिळणारे शॉट आपोआप कमी होतात, कुणाचं नुकसान नाही. म्हणून हँडिकॅप काढा, स्पर्धा नसली तरी.

मॅट_नको
चिप फॅट होतात त्यावर कुणी बोललं नाही. बुधवारचे शंभर बॉल मॅटवर मारता ना? मॅटवर क्लब बॉलच्या आधी टेकला तरी पुढे घसरतो आणि बॉल बरा जातो, तुम्हाला चूक कळतच नाही. गवतावर तोच क्लब रुततो, पावसाळ्यानंतर ओल असताना तर जास्तच. बॉलच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा, टॉवेल न हलवता बॉल मारायचा. आणि शंभर बॉल एकाच क्लबने ओळीने मारू नका, प्रत्येक बॉलला क्लब आणि टार्गेट बदला. चाळीसच मारा.

पहाटपाखरू
आठ दिवसांनी लिहितोय. ग्रुपमध्ये सांगितलं, एकाने 'अरे काय हे' म्हटलं, दुसरा म्हणाला मीपण मधल्या टीवर येतो. मी लालवरून खेळलो. ९६. बॉल एकच हरवला कारण तीन अरुंद होलना ड्रायव्हर काढलाच नाही. आमचा कॅडी वर्षभर "साहेब, इथे हायब्रिड घ्या" म्हणत होता आणि मी ऐकत नव्हतो, काल त्यालाच जास्त आनंद झाला. दोन पार ४ ला दोन शॉटमध्ये ग्रीनवर होतो, आठव्याला ७ आयर्न हवेत असतानाच कळलं की हा बसणार, तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण थ्री-पट तसेच चार, चिपही दोन फॅट. टॉवेल चालू केलाय.

हिरवळप्रेमी
अभिनंदन, मनापासून. आता थ्री-पटसाठी माझं ऐका, गालिचा सोडा. राउंडआधी दहा मिनिटं ३० फुटांवरून पट, होलकडे बघूच नका, बॉल हातभर अंतरात थांबला पाहिजे एवढंच. थ्री-पट पहिल्या पटमुळे होतात.

सेटवाला_कॅम्प
जुना सेट काढणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे.

पहाटपाखरू
सेट देणार नाही, सासरे अजून कधीतरी रविवारी येतात, हातात घेऊन बघतात. फक्त ड्रायव्हर बदलतोय, १०.५ चा, आर शाफ्ट, तुमच्याकडे असेल तर मीच व्यनि करतो. हिशोबवाली ताई, हँडिकॅपसाठी क्लबात अर्ज दिलाय. हिरवळप्रेमी, उद्या ६:२० चा टी टाइम आहे, सहाला पोचून ३० फुटांवाले पट करतो आणि रात्री लिहितो.