मदत हवी आहे: मुख्य लेखा व वित्त अधिकारी पदाचा अतिरिक्त कार्यभार, ताळमेळ बसत नाही, 31 मार्च तोंडावर

मार्चएंड_25 (18 मार्च 2025, सकाळी)
मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत लेखाधिकारी आहे. मुख्य लेखा व वित्त अधिकारी साहेबांची बदली झाली, त्यांचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आलाय. बँक आणि रोखवहीत 1 कोटी 14 लाख 37 हजार 200 रुपयांचा फरक आहे. कार्यभार यादीवर 'शिल्लक जुळते' असं लिहून सही मागतायत. 2023-24 चा निधीही पडून आहे, तो 31 ला परत जाईल. सही करू की नको? निधी वाचवायला काय करता येईल? कायद्याची कलमं नकोत, करायचं काय ते क्रमाने सांगा. वेळ नाही.

पूर्वलेखापरीक्षक
फरक कोणत्या बाजूचा? बँकेत जास्त की रोखवहीत जास्त? हे सांगितल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तर ते अंदाजपंचे असेल. खातं एकच आहे की सगळ्या योजनांची बेरीज करून हा आकडा काढलाय? बँक राष्ट्रीयीकृत की जिल्हा मध्यवर्ती? आणि 23-24 चा निधी म्हणजे कोणता? जिल्हा नियोजनचा, वित्त आयोगाचा, की स्वनिधी म्हणजे जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न? तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

गोदाकाठचा
सही करून टाका सर. पुढे ताळमेळ होत राहतो. मार्चमध्ये सगळीकडे हेच असतं. निधीचं म्हणाल तर 31 ला धनादेश काढून कपाटात ठेवा, काम झालं की द्या. खर्च पडतो आणि निधी वाचतो.

बिंदुसरा
गोदाकाठचा, हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. धनादेश लिहिला की रोखवहीत खर्च पडतो. पैसे बँकेतच असतात, काम झालेलं नसतं आणि उपयोगिता प्रमाणपत्रात (निधी खर्च झाल्याचा दाखला) तो आकडा 'खर्च' म्हणून शासनाकडे जातो. स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक धनादेशाची तारीख आणि वटल्याची तारीख शेजारी शेजारी मांडतं. 31 मार्चचे दहा धनादेश जूनमध्ये वटलेले दिसले की परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, लागलाच, आणि तो सही करणाऱ्याच्या नावावर. शिवाय एप्रिल 2012 पासून धनादेश तीनच महिने चालतो. काम जुलैपर्यंत लांबलं तर कागदही बाद.

मूळ प्रश्नकर्त्याने माहिती द्यावी. त्याआधी एकच: 'शिल्लक जुळते' हे वाक्य लिहू नका. 'रोखवहीप्रमाणे शिल्लक अमुक, बँक विवरणाप्रमाणे शिल्लक तमुक, फरक रुपये 1,14,37,200, तपशील जोडपत्रात, ताळमेळ प्रलंबित' एवढं लिहा आणि मग सही करा. कार्यभार घ्यायला नकार द्यायची गरज नाही, खोटं विधान करायचीही नाही.

मार्चएंड_25
बँकेत जास्त. खातं जिल्हा परिषदेचं मुख्य खातं, मध्यवर्ती बँकेत. निधी जिल्हा नियोजनचा. आता सांगा.

पूर्वलेखापरीक्षक
बँकेत जास्त म्हणजे पैसे गेलेले नाहीत, नोंदी राहिल्यात. कामाला लागा:

आधी 1 एप्रिल 2022 पासूनचं बँक विवरण मागवा, कागदावर नको, एक्सेलमध्ये. मग चार याद्या करा. पहिली, दिलेले पण न वटलेले धनादेश. दुसरी, ई-पेमेंट होऊन परत आलेल्या रकमा. तिसरी, बँकेने जमा केलेलं पण रोखवहीत न घेतलेलं व्याज. चौथी उलट्या बाजूची: बँकेने कापलेलं शुल्क आणि खात्यातून गेलेले पण रोखवहीत न लिहिलेले चलन. पहिल्या तीन याद्यांची बेरीज वजा चौथी म्हणजे तुमचा फरक. उरलेला रुपयासुद्धा 'इतर' मध्ये टाकू नका.

दुसऱ्या यादीला वेळ जातो. 2020 च्या बँकांच्या विलीनीकरणानंतर अनेक शाखांचे आयएफएससी बदलले आणि लाभार्थ्यांच्या याद्यांत जुने राहिले. रक्कम दोन-चार दिवसांनी परत येते, पण ती एकेकटी जमा दिसते आणि नाव अर्धवट येतं. मूळ पेमेंटचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक धरून जुळवा, नावावरून नको.

मांजराकाठ
माझा मुद्दा जरा वेगळा. डिजिटल स्वाक्षरीचं काय केलं? आधीच्या साहेबांचं डोंगल कार्यालयात ठेवून गेले असतील तर त्याला हात लावू नका, त्यांनी सांगितलं तरी नाही. पीएफएमएस आणि ई-ग्रामस्वराज या शासकीय पेमेंट प्रणालींवर जुनी स्वाक्षरी रद्द करून तुमची नोंदवावी लागते. त्याला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मान्यता लागते, वेळ जातो. बँकेत नमुना सह्या बदलायचं पत्र वेगळं. दोन्ही आजच पाठवा, नाहीतर 28 ला बिलं तयार आणि सही चालत नाही अशी अवस्था होईल.

तारखाही बघा. 29 ला शनिवार, 30 ला पाडवा, 31 ला ईद. कार्यालयीन दिवस म्हणून 28 मार्च हाच शेवटचा. रिझर्व्ह बँकेने 31 ला शाखा उघड्या ठेवायला सांगितलंय ते सरकारी व्यवहार करणाऱ्या एजन्सी बँकांना. मध्यवर्ती बँक त्यात नाही. तिथलं खातं 31 ला चालेल हे गृहीत धरू नका, शाखेकडून लेखी घ्या.

स्पर्धा_अभ्यास_लातूर
या पदावर जायला राज्यसेवेतून सहायक संचालक, महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा, गट अ हा मार्ग आहे. वाणिज्य पदवीला 55 टक्के, किंवा सीए, किंवा आयसीडब्ल्यूए, किंवा एमबीए फायनान्स लागतं. नुसत्या बी.ए. वर चालत नाही, अर्ज भरताना हे तपासा. लेखा लिपिक परीक्षेतून वर येणाऱ्यांचा मार्ग वेगळा.

मार्चएंड_25
पदावर कसं जायचं हे विचारलेलं नाही. निधीचं कोणी बोलतच नाही. 2 कोटी 60 लाख आहेत.

बिंदुसरा
2 कोटी 60 लाख कशाचे? कामांचे कार्यारंभ आदेश झालेत का? जिल्हा नियोजनचा 23-24 मध्ये जिल्हा परिषदेला मिळालेला निधी 31 मार्च 2025 पर्यंत खर्च करता येतो. दोन वर्षांची मुदत म्हणतात ती हीच. काम सुरू असेल, मोजमाप पुस्तिकेत नोंद असेल तर जेवढं झालंय तेवढ्याचं चालू देयक घ्या, पूर्ण व्हायची वाट पाहू नका. कार्यारंभ आदेशच नसेल तर तो निधी वाचवायचा विचार सोडा, ग्रासवर (शासनाकडे पैसे भरायचं पोर्टल) चलन करून शासनखाती भरा.

गोदाकाठचा
परत करायचा म्हणजे जिल्ह्याचं नुकसान. मराठवाड्याला आधीच निधी कमी येतो आणि आपणच परत पाठवायचा? महावितरणला किंवा जीवन प्राधिकरणाला ठेव तत्त्वावरच्या (आधी पैसे भरून त्या यंत्रणेकडून करून घ्यायच्या) कामासाठी वर्ग करा, तो तर नियमात बसतो.

बिंदुसरा
बसतो, पण तेव्हाच जेव्हा त्या कामाची प्रशासकीय मान्यता आहे, त्या यंत्रणेचं अंदाजपत्रक आणि मागणीपत्र हातात आहे, आणि योजनेच्या शीर्षात ते काम मोडतं. शाळाखोल्यांचा निधी विजेच्या रोहित्रासाठी वर्ग करता येत नाही. मागणीपत्र नसताना वर्ग केला तर तो नुसता ठेवून दिलेला निधी होतो. नुकसान मलाही दिसतं. एका वर्गखोलीचे पैसे परत गेले की पुढच्या आराखड्यात ते काम पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. म्हणूनच ही तपासणी ऑक्टोबरमध्ये व्हायला हवी, प्रत्येक खातेप्रमुखाकडून कामनिहाय यादी घेऊन. मार्चमध्ये हातात फक्त देयकं काढणं उरतं.

अजिंठा_डोंगर
देयकं घाईत काढताना वजावटी चुकतात, त्याची यादी देतो. वस्तू व सेवा कर सोडून कराराची किंमत अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस (बिलातून आधीच कापायचा कर) 2 टक्के, म्हणजे राज्यांतर्गत केंद्राचा 1 अधिक राज्याचा 1. तो कराशिवायच्या रकमेवर, एकूण बिलावर नाही. इथे निम्मी बिलं चुकलेली सापडतात. विवरणपत्र आणि कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत, कर उशिराने भरला तर 18 टक्के व्याज, आणि ते ठेकेदाराच्या रकमेतून कापता येत नाही. आयकर वैयक्तिक ठेकेदाराला 1 टक्का, फर्म आणि कंपनीला 2. बांधकामावर कामगार कल्याण उपकर 1 टक्का. मुरूम, वाळू, खडीचा स्वामित्वधन (रॉयल्टी) परवाना जोडलेला नसेल तर ब्रासला 600 रुपयांप्रमाणे कपात. कापलेल्या रकमा त्याच दिवशी वेगवेगळ्या शीर्षांत ठेवा. मुख्य खात्यात सोडल्या की पुढच्या वर्षीच्या ताळमेळात त्याच तुम्हाला छळतात.

मांजराकाठ
टँकरची बिलंही याच महिन्यात येतात, त्यावर कोणी बोललं नाही. लॉगबुकातल्या खेपा, जीपीएसचा अहवाल आणि गावातली सही हे तीन आकडे एक असले तरच बिल पास करा. जीपीएसवर खेप दिसते पण टँकर गावात न जाता भरणकेंद्राजवळच फिरलेला असतो, म्हणून थांबा कुठे आणि किती वेळ हे बघा. तपासणी खेपेची करा, महिन्याच्या बेरजेची नको.

अजिंठा_डोंगर
टँकरचा धागा वेगळा काढा. इथे ताळमेळ चाललाय.

मांजराकाठ
ताळमेळाइतकंच हेही मुख्य लेखा अधिकाऱ्याचं काम आहे. गावाला पाणी मिळालं की नाही हे त्या बिलावरच्या सहीवरून ठरतं.

मार्चएंड_25 (20 मार्च)
याद्या केल्या. न वटलेले धनादेश 61,20,000. परत आलेली पेमेंट 32,40,500. व्याज 21,80,000. बँकेने कापलेलं 1,03,300. फरक बरोबर निघाला. आता नोंदी घेऊन टाकतो, प्रश्न मिटला ना?

पूर्वलेखापरीक्षक
नाही, खरा प्रश्न आता सुरू झाला. 61 लाखांतले तीन महिन्यांपूर्वीचे धनादेश किती? ते कोणत्या वर्षाच्या निधीतले? उपयोगिता प्रमाणपत्रं गेली का?

मार्चएंड_25
जवळजवळ सगळे जुने. बरेचसे 21-22 आणि 22-23 चे. प्रमाणपत्रं गेलेली आहेत.

पूर्वलेखापरीक्षक
मग लक्षात घ्या, शासनाला 'खर्च झाला' असं कळवलेले 61 लाख आणि परत आलेले 32 लाख कोणापर्यंत पोचलेलेच नाहीत. तो पैसा कोणाचा तरी आहे. शेळीगटाचं अनुदान असेल, दिव्यांगाची मदत असेल, एखाद्या मुलीची सायकल असेल. ताळमेळ बसला म्हणून तो विषय बंद करू नका.

मुदतबाह्य धनादेश रद्द करून रोखवहीत जमेच्या बाजूला योजनानिहाय नोंद घ्या, मूळ प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक आणि तारीख लिहून. परत आलेल्या पेमेंटचंही तसंच. लाभार्थ्यांची यादी पंचायत समितीकडे पाठवा, खाते क्रमांक आणि आयएफएससी पासबुकच्या प्रतीवरून दुरुस्त करून मागवा. ज्यांचा हक्क कायम आहे त्यांना पुन्हा द्या, बाकीची रक्कम शासनाला, आणि सुधारित उपयोगिता प्रमाणपत्र. व्याज त्या त्या योजनेचं. शासन निधीवरचं व्याज स्वनिधीत घेऊ नका, ते शासनखाती जातं.

बिंदुसरा
'पुन्हा द्या' याच्याशी मी सहमत नाही. 21-22 च्या निधीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. रद्द केल्यावर तो अखर्चित निधी झाला. आधी शासनाला भरा, मग हक्कदारासाठी नव्याने मागणी करा.

पूर्वलेखापरीक्षक
देयक मुदतीत पारित झालं होतं, देणं तेव्हाच उभं राहिलं. पैसा न पोचण्याचं कारण आयएफएससी. लाभार्थ्याचा त्यात काय दोष? शासनाला भरून पुन्हा मागितलं तर ते अनुदान त्याला कधी मिळेल, सांगा.

बिंदुसरा
मिळणार नाही हे मान्य, तरी मुदतीबाहेर स्वतःच्या सहीने देणं मला पटत नाही. निदान प्रशासकीय विभागाचं लेखी मार्गदर्शन घ्या, आणि तोवर रक्कम ठेवीच्या शीर्षात योजनेच्या नावाने वेगळी दाखवा.

पूर्वलेखापरीक्षक
हे चालेल. पण पत्र उद्याच जाऊ द्या, आणि त्यात लाभार्थीनिहाय यादी जोडा. नुसती एकूण रक्कम लिहिली की उत्तर येत नाही.

नांदेड_अर्थसंकल्प
अंदाजपत्रकाचं बघितलं का? मार्च 2022 पासून निवडून आलेले सदस्य नाहीत, त्यामुळे प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारीच मंजुरी देतात. पण मांडणी तुमची. स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी 20 टक्के, महिला व बालकल्याण 10, दिव्यांग 5 ही तरतूद दाखवावीच लागते आणि मागचा अनुशेष असेल तर तोही. पंधराव्या वित्त आयोगाचा जिल्हा परिषदेचा 10 टक्के हिस्सा जमेत धरू नका. निवडून आलेली संस्था नसताना तो येत नाही, अंदाजपत्रक फुगतं.

मार्चएंड_25
अंदाजपत्रक झालंय. कार्यभार यादीत अजून काय राहतं ते सांगा, उद्या सही आहे.

अजिंठा_डोंगर
कोऱ्या धनादेशांचे क्रमांक, पहिला आणि शेवटचा. ठेकेदारांच्या ठेव पावत्या, प्रत्यक्ष तिजोरी उघडून मोजून. बँक हमींच्या मुदती: बऱ्याच 31 मार्चला संपतात, काम अपूर्ण असेल तर मुदतवाढ किंवा वटवण्याचं पत्र 28 च्या आत बँकेला पोचलं पाहिजे, पोच घ्या. प्रलंबित अग्रिमं नावानिशी. संक्षिप्त देयकांवर काढलेल्या आणि तपशीलवार देयक न दिलेल्या रकमा. नागपूर महालेखापाल, स्थानिक निधी आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती, तिन्हींचे प्रलंबित परिच्छेद वेगवेगळ्या याद्यांत. न्यायालयीन प्रकरणांत व्याज चढत असलेली देणी.

गोदाकाठचा
सर, धनादेशाबद्दल मी जे लिहिलं ते आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतं म्हणून लिहिलं. पण 2 कोटी 60 लाखांतली चालू देयकं किती निघतील?

मार्चएंड_25
कार्यकारी अभियंत्यांकडून आलेल्या यादीत 1 कोटी 70 लाखांच्या मोजमाप नोंदी आहेत. बाकीच्या कामांना कार्यारंभ आदेश नाहीत.

बिंदुसरा
मग 90 लाखांचं चलन 27 लाच करा, 28 वर ठेवू नका. आणि 1 कोटी 70 लाखांच्या नोंदींवर उपअभियंत्याच्या तपासणीची सही आणि चाचणी अहवाल आहे का ते आधी बघा. ज्यावर नाही ती पुस्तिका आज परत पाठवा म्हणजे सोमवारी हातात येईल.