एका लायब्ररीतला बदल दुसरीला मोडतो, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट) कसं लावायचं?

सेमिकोलन_हरवला
मंडळी मदत हवीये. आमच्या चार पायथन लायब्रऱ्या आहेत, सगळ्या ओपन सोर्स, प्रत्येकीचा रेपो (कोड ठेवायची जागा) वेगळा, एक कोअर आणि बाकी तिघी तिच्यावर उभ्या. गिटहब ॲक्शन्स (गिटहबचंच सीआय) सगळीकडे आहे, टेस्ट हिरव्या, तरी कोअरचा रिलीज झाला की दुसऱ्या दिवशी इश्यू येऊन पडतोच. मागच्या वेळी मी फक्त एका आर्ग्युमेंटचं नाव बदललं तर तिकडे दोन लायब्रऱ्या आडव्या. कोअरच्या प्रत्येक पीआरवर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे सुचवलेला बदल) सगळ्यांच्या टेस्ट चालवायच्या म्हटलं तर पायथनची ४ व्हर्जन, ३ ओएस, ४ लायब्रऱ्या, म्हणजे ४८ जॉब. एवढं थांबायचं कोणी? सगळं एकाच रेपोत आणू का?

रात्रीचा_बिल्ड
रेपो एकत्र करू नकोस, त्याने रिलीजची डोकेदुखी वेगळी सुरू होते. पीआरवर फक्त लिनक्स आणि एकच पायथन ठेव, म्हणजे तीनच जादा जॉब. पूर्ण मॅट्रिक्स (ते सगळे ४८ जॉब) रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप. फेल-फास्ट सेटिंग बंद कर, नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात आणि नक्की कोण कोण मोडलंय ते कळतच नाही.

आणि एक, यात मी स्वतः तोंडावर पडलोय: आधी ती दुसरी लायब्ररी इन्स्टॉल कर आणि मग सगळ्यात शेवटी पीआरमधलं कोअर. उलट केलंस आणि त्या लायब्ररीने कोअरच्या व्हर्जनला वरची मर्यादा घातलेली असली तर पिप (पायथनचा इन्स्टॉलर) गुपचूप तुझं कोअर काढून पायपीआयवरचं (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यातलं) जुनं बसवतं. मी दोन महिने हिरवी टिकली बघून खूश होतो आणि टेस्ट होत होती जुन्या रिलीजची!! टेस्टच्या आधी कोअरचं व्हर्जन लॉगमध्ये छापून घेच.

फोर्कवाली
वरचं बरोबर, पण त्या तिघींची मेन ब्रँच (चालू कामाचा कोड) घेऊ नकोस, शेवटचा रिलीज टॅग (प्रकाशित झालेल्या व्हर्जनची खूण) घे. मेनमध्ये तू दुरुस्ती आधीच टाकलेली असते, लोकांकडे मात्र जुना रिलीज आणि नवं कोअर अशी जोडी बसते, इश्यू तिथूनच येतात. रस्ट भाषावाले क्रेटर नावाचं टूल चालवतात ते यासाठीच, बदललेला कंपायलर लोकांच्या क्रेट्सवर (रस्टच्या पॅकेजेसवर) लावून बघायचा.

अजून, कोअरमधून दुसऱ्या रेपोचा वर्कफ्लो (ॲक्शन्समधली ठरवून दिलेली कामं) ट्रिगर करायच्या भानगडीत पडू नको, डिफॉल्ट टोकन (वर्कफ्लोला आपोआप मिळणारी परवानगीची किल्ली) आपल्या रेपोपुरतंच चालतं आणि फोर्कवरून (दुसऱ्याने केलेल्या रेपोच्या कॉपीवरून) आलेल्या पीआरला सिक्रेट्स (रेपोतले पासवर्ड, किल्ल्या) मिळत नाहीत. मग लोक पुल-रिक्वेस्ट-टार्गेट (अशा पीआरलाही सिक्रेट्स देणारा ट्रिगर) लावून अनोळखी माणसाचा कोड सिक्रेट्ससकट चालवतात, ते तर अजिबात नको. रेपो पब्लिक आहेत ना, सरळ त्या लायब्रऱ्यांचा कोड चेकआऊट कर (उतरवून घे), टोकन लागतच नाही.

रात्रीचा_बिल्ड
हो, टॅगचं पटलं, माझ्याकडेही मेनच आहे, बदलतो. क्रॉनचंही लक्षात ठेवा, पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसली की गिटहब शेड्यूल बंद करतं. शांत पडलेल्या लायब्ररीचंच नेमकं हे होतं.

सेमिकोलन_हरवला
लावलं. टॅगवर चालवलं तर तिसरी लायब्ररीही लाल, तिचा इश्यू अजून कोणी टाकलाच नव्हता 😅 जुनं आर्ग्युमेंट परत आणतोय, वापरलं तर डेप्रिकेशन वॉर्निंग (हे पुढे काढून टाकणार, अशी सूचना) येईल, आणि तिघींच्या रात्रीच्या रनमध्ये ती वॉर्निंग एरर धरायची असं केलंय. पीआरवर मात्र नुसती वॉर्निंगच, नाहीतर नवीन कॉन्ट्रिब्युटर बिचारा माझी चूक निस्तरत बसेल.