एसटीपीत दर महिन्याला कल्चरची पाकिटं ओतायची गरज आहे का?

गोरेगावकर:
आमच्या सोसायटीच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, दर महिन्याला कल्चरची, म्हणजे जिवाणूंच्या पावडरीची, पाकिटं पडतात, तरी तिथून फ्लशला येणाऱ्या पाण्याचा वास जात नाही. माझं मत स्पष्ट आहे, हा खर्च बंद करा. मैलापाण्यात जिवाणू मुळातच असतात. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं ते हेच: पाण्यात हवा सोडत राहा, खाली बसलेला गाळ फेकू नका, पुढच्या पाण्यात मिसळा, जिवाणू तिथंच वाढतात. आमच्याकडे वीजबिल वाचवायला रात्री ११ ते ५ हवा सोडणारा ब्लोअर बंद. मग नवे जिवाणू टाकून काय होणार? तेही गुदमरणार.

मालाड पश्चिम:
ब्लोअरचं पटलं, 'बंद करा' नाही पटलं. मे महिन्यात आमचा ब्लोअर आठ दिवस बंद होता. गाळ काळा पडला, कुजक्या अंड्यांचा वास सहाव्या मजल्यापर्यंत. दुरुस्तीनंतर कल्चर टाकलं आणि दोन आठवड्यांत गाळ पुन्हा चॉकलेटी झाला. डोळ्यांनी बघितलंय मी.

गोरेगावकर:
ताई, हवा आणि कल्चर एकदमच सुरू केलंत, मग गुण कुणाचा? शेजारच्या चालत्या प्लांटमधून टँकरभर गाळ आणला असता तर अशाच पाण्याला सरावलेले जिवाणू मिळाले असते.

प्लांटवाला:
मी अशाच प्लांटवर ड्युटी करतो. टाकीतलं पाणी लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवतो. ३०० मिलीच्या आसपास गाळ बसला, वर पाणी नितळ आणि वास ओल्या मातीचा, तर मी पाकीट फोडत नाही. अमोनिया खाणारे जिवाणू मात्र फार सावकाश वाढतात, एकदा मेले की कित्येक दिवस जातात. पाकिटांत बहुतेक वेळा बॅसिलस नावाचे दुसरे जिवाणू असतात, ते हे अमोनियाचं काम करत नाहीत. त्यामुळे नवीन इमारतीत सुरुवातीला किंवा प्लांट बंद पडल्यावर कल्चर टाका, माझी ना नाही, पण दर महिन्याला नको. आणि कृपा करून संडासात ॲसिड ओतू नका. दिवाळीच्या साफसफाईनंतर आमची टाकी फेसानं भरते, ते सगळं या जिवांच्याच अंगावर येतं.

मालाड पश्चिम:
तरी मी दोन पाकिटं कपाटात ठेवणारच. प्लांटच्या बरोबर वर तळमजल्यावर माझी आई राहते, तो वास तिनं आठ दिवस सोसलाय. भाऊ, ते मोजपात्र कुठं मिळेल?